नियंत्रक विद्युत् दाब व मिडी परिवर्तक

इलेक्ट्रॉनीय वाद्यातील स्वराची उंची, तीव्रता इ. गुण ज्या बदलत्या विद्युत् दाबाने ठरविले जातात, त्यास नियंत्रक विद्युत् दाब म्हणतात. मिडी या अंकीय प्रणालीतील संदेशांचे अशा दाबात रूपांतर करणारे साधन म्हणजे मिडी परिवर्तक. या साधनाचा इतिहास हा मुख्यत्वे एकाच मानकाच्या अभावातून उद्‌भवलेल्या अडचणींचा व त्यांवरील उपायांचा इतिहास आहे.

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी संगीतरचनाकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्याने १९६४ मध्ये दाबनियंत्रित सिंथेसायझरचे प्राथमिक रूप तयार केले. मूग यांच्या पद्धतीत दाब १ व्होल्टने वाढला की आंदोलकाची कंप्रता दुप्पट होते, म्हणजेच स्वर एक सप्तक वर जातो. डोनाल्ड बुक्ला यांनी सप्तकामागे १.२ व्होल्ट हे प्रमाण स्वीकारले. कॉर्ग कंपनीच्या एमएस-२० (१९७८) या जपानी वाद्यात कंप्रता दाबाच्या सम प्रमाणात ठेवली गेली.

हे भेद केवळ तांत्रिक नव्हते. मूग पद्धतीचा एका सप्तकाचा दाब बुक्ला पद्धतीच्या वाद्यास दिल्यास तार षड्जाऐवजी कोमल निषाद वाजतो. मूग व कॉर्ग या दोन्ही पद्धतींत १ व्होल्टला षड्ज मानल्यास २ व्होल्टला तार षड्जच येतो. परंतु ३ व्होल्टला पहिलीत अतितार षड्ज, तर दुसरीत तार पंचम मिळतो. स्वराचा आरंभ व शेवट दर्शविणाऱ्या संकेतातही एकवाक्यता नव्हती. काही वाद्यांत तो धन दाबाने, तर मूग यांच्या वाद्यांत मंडल भूमीशी जोडून दिला जाई.

१९८१ मध्ये डेव्ह स्मिथ यांनी वाद्यांच्या परस्परसंवादासाठी सामाईक अंकीय प्रणालीचा प्रस्ताव मांडला. रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने जपानी उत्पादकही त्यात सहभागी झाले. जानेवारी १९८३ मध्ये प्रॉफेट-६०० व ज्युपिटर-६ ही दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्ये मिडीने जोडून दाखविण्यात आली. या प्रणालीत सेकंदास ३१,२५० द्विमान अंक पाठविले जातात. १६ मार्ग व १२८ स्वरक्रमांक उपलब्ध असतात. तथापि दाबावर चालणारी जुनी वाद्ये हे संदेश समजू शकत नसल्याने परिवर्तकाची गरज निर्माण झाली.

परिवर्तकातील सूक्ष्मप्रक्रियक स्वरक्रमांक वाचतो व अंकीय-सदृश परिवर्तन मंडल त्यास अनुरूप दाब निर्माण करते. मूग पद्धतीत एका अर्धस्वरास सु. ०.०८३ व्होल्ट लागतात. दाबाच्या प्रमाणात १% चूक राहिल्यास पाच सप्तकांनंतरचा स्वर निम्म्याहून अधिक अर्धस्वराने ढळतो. म्हणून मूळ स्वराची पातळी व सप्तकाचे प्रमाण स्वतंत्रपणे जुळवावे लागते. समप्रमाणी वाद्यासाठी दर सप्तकाला दाब दुप्पट करावा लागतो.

डीटर डपफर यांच्या ए-१०० (१९९५) या जर्मन संचानंतर सुट्या घटकांची वाद्ये पुन्हा प्रचारात आली आणि १ व्होल्टचे प्रमाण बहुमान्य झाले. मात्र रूपांतरात एक उणीव राहते. विद्युत् दाब अखंड बदलू शकतो, तर मिडीचे स्वरक्रमांक सामान्यतः सप्तकाचे बारा समान भागच दर्शवितात. मींड वा श्रुतिभेद व्यक्त करण्यासाठी स्वर वळविणाऱ्या वेगळ्या संदेशाचा आधार घ्यावा लागतो; त्याच्या १६,३८४ पायऱ्या असतात. परिवर्तक हा संदेश कितपत सूक्ष्मतेने दाबात उतरवितो, यावर भारतीय संगीतासाठी त्याची उपयुक्तता अवलंबून असते.