भिंगार : नगरच्या आधीचं गाव, आज ना ग्रामपंचायतीत ना महापालिकेत

पाथर्डी-शेवगावकडून एसटीनं येताना चांदबीबी महालाचा डोंगर मागं पडला की भिंगार लागतं. नवखा माणूस नगर आलं म्हणून पिशवी उचलतो. मधला भुईकोट किल्ला आणि लष्कराची जागा सोडली तर शहर अन् भिंगार आता एकच दिसतं. पण भिंगार हे नगरचं उपनगर म्हणून वसलेलं नाही. ते नगरच्या आधीचं गाव आहे.

२८ मे १४९० रोजी मलिक अहमदनं बहामनी फौजेचा याच भागात पराभव केला आणि निजामशाहीचा पाया घातला. त्यानंतर १४९४ मध्ये सीना नदीकाठी त्यानं अहमदनगर वसवलं. हे शहर कुठं वसलं हे सांगताना इतिहासाच्या पुस्तकांत 'भिंगार गावाजवळ' असा उल्लेख येतो. म्हणजे तेव्हा शहराचा पत्ता गावावरून सांगावा लागत होता. आता उलटं झालंय.

औरंगजेबाची शेवटची छावणीही इथंच होती. ३ मार्च १७०७ रोजी तो इथं मेला आणि त्याचं शव खुलताबादला नेलं. भिंगारजवळच्या आलमगीर या ठिकाणाचं नाव त्याच्यावरूनच पडलं.

गावाचं खरं रूप बदललं ते इंग्रजांमुळं. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीनं भुईकोट किल्ला घेतला. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांचं बस्तान पक्कं झालं, किल्ल्याच्या बाजूला छावणी पसरली अन् गाव तिच्या हद्दीत गेलं. 'भिंगार कॅम्प' हे नाव पोलीस ठाण्याच्या पाटीवर आजही आहे. स्वातंत्र्यानंतर रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र नगरला आलं, त्यामुळं लष्कराचं महत्त्व वाढतच गेलं.

केडगाव, नागापूर, बोल्हेगाव ही गावं शहर वाढलं तशी महापालिकेत गेली. भिंगार मात्र कॅन्टोन्मेंट बोर्डाखाली राहिलं. हे बोर्ड राज्याच्या नगरविकास खात्याकडं नाही, केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाकडं आहे. २००६ च्या कायद्यानुसार त्याचा अध्यक्ष लष्करी अधिकारी असतो, लोकांनी निवडलेला सदस्य फार तर उपाध्यक्ष होतो. इथं ग्रामसभा नाही, जिल्हा परिषदेचं मतदान नाही. घरावर मजला चढवायचा तर राज्याची बांधकाम नियमावली चालत नाही, बोर्डाचे नियम लागतात. छावणीच्या जमिनींची नोंद सातबाऱ्याऐवजी जनरल लँड रजिस्टरमध्ये असते. घर आपलं अन् खालची जमीन सरकारची, असा प्रकार छावण्यांत बऱ्याच ठिकाणी आहे. खरेदी-विक्रीत माणूस अडतो तो इथंच.

त्यात लोकनियुक्त सदस्यांची मुदत फेब्रुवारी २०२१ मध्ये संपली. देशातल्या ५७ छावण्यांसाठी ३० एप्रिल २०२३ ला मतदान जाहीर झालं होतं, तेही आधीच रद्द झालं. नळाला पाणी आलं नाही तर जाब विचारायला वॉर्डाचा निवडून आलेला माणूस नाही. गाव लहान असो की मोठं, ही अवस्था बरी नव्हे.

छावण्यांतली नागरी वस्ती बाहेर काढून राज्याच्या पालिकांना जोडायची, असं केंद्राचं धोरण आहे. एप्रिल २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या योलपासून त्याची सुरुवात झाली. भिंगारच्या बाबतीत महापालिकेत जायचं की स्वतंत्र नगरपालिका मागायची, यावर गावात दोन मतं आहेत. महापालिकेत गेलं तर राज्याच्या योजनांची वाट मोकळी होते, पण मोठ्या शहरातले चार-दोन वॉर्ड एवढंच भिंगार उरतं. वेगळी पालिका झाली तर कारभार गावाचा राहील, पण खर्च भागवण्याइतकं उत्पन्न उभं करावं लागेल.

हद्द बदलताना अधिसूचना निघते आणि हरकती मागवल्या जातात. त्यासाठी रहिवाशांनी लँड रजिस्टरचा उतारा, मंजूर नकाशा आणि घरपट्टीच्या पावत्या आत्ताच एका फायलीत लावून ठेवाव्यात. उताऱ्यावर आजोबांचंच नाव असेल तर आधी वारसनोंदीचा अर्ज करावा.