चित्र पोचतं, हात कुठून आणायचे?

मंडळी, मी काही लेखिका नव्हे. सांगलीहून १९८६ साली इथे हॅमिल्टनला आले आणि एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची नर्स म्हणून पंचवीस वर्षं काढली. सर्जनच्या हातात अवजार द्यायचं, कॅमेरा धरायचा, गॉजचे तुकडे मोजून घ्यायचे, हे माझं काम. स्मरणिकेसाठी विज्ञानावर काहीतरी लिहा, असा संपादकांचा आग्रह झाला, तेव्हा आपल्या या गावाशी नातं असलेला एक इतिहास आठवला. दूर बसून, व्हिडिओच्या पडद्यावर बघून केलेल्या शस्त्रक्रियांचा.

सुरुवात मात्र आरशापासून करते. ३० एप्रिल १९६१. अंटार्क्टिकावरच्या नोव्होलाझारेव्हस्काया या रशियन तळावर लिओनिद रोगोझोव्ह हे २७ वर्षांचे सर्जन एकटेच डॉक्टर होते, आणि नेमकं त्यांचंच अपेंडिक्स सुजलं. विमान येणं शक्य नव्हतं. त्यांनी स्वतःच स्वतःचं ऑपरेशन केलं. हवामानतज्ज्ञ अवजारं देत होता, मेकॅनिकने आरसा धरला होता. आरशात सगळं उलटं दिसत असल्याने रोगोझोव्ह बहुतेक काम हाताच्या स्पर्शावरच करत होते. पावणेदोन तास लागले. दोन आठवड्यांत ते पुन्हा कामावर हजर!

पुढे एकेचाळीस वर्षांनी, जुलै २००२ मध्ये, दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन तळावर एका कर्मचाऱ्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध दुखावला. तिथल्या डॉक्टरांनी तो शिवला, पण बोस्टनचे तज्ज्ञ उपग्रहावरून ते चित्र बघत सल्ला देत होते. आरशाची जागा कॅमेऱ्याने घेतली होती.

मधल्या काळात दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली होती. सर्जन पोटात न बघता पडद्यावर बघू लागला. एकदा डोळे पडद्यावर गेले की तो पडदा टेबलाशेजारीच हवा, असं थोडंच आहे? ७ सप्टेंबर २००१ रोजी डॉ. जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथल्या ६८ वर्षांच्या बाईंचं पित्ताशय काढलं. मधे अटलांटिक महासागर! अटलांटिक विमानाने एकट्याने पार करणाऱ्या लिंडबर्ग यांचं नाव या मोहिमेला दिलं होतं. इथे हात हलवला की तिकडे झ्यूस यंत्रमानवाचा हात हलून त्याचं चित्र परत दिसेपर्यंत सरासरी १५५ मिलिसेकंद जात. त्यातले सुमारे ७० नुसते चित्राचं संकेतांत रूपांतर करण्यात आणि पुन्हा चित्र उलगडण्यात. चारच दिवसांनी न्यूयॉर्कचे ते जुळे मनोरे कोसळले आणि ही बातमी त्या धुरात विरून गेली.

आता आपलं हॅमिल्टन. २८ फेब्रुवारी २००३ रोजी सेंट जोसेफ्स रुग्णालयातून डॉ. मेहरान अन्वारी यांनी ४०० किलोमीटरवरच्या नॉर्थ बे इथल्या रुग्णावर यंत्रमानवाकरवी शस्त्रक्रिया केली. पुढे अशा वीसेक झाल्या. हा प्रयोगाचा देखावा नव्हता. लहान गावातल्या माणसाला मोठ्या शहरापर्यंत धावावं लागू नये, हा हेतू होता.

ऑक्टोबर २००४ मध्ये नासाने त्यांना पाण्याखाली नेलं, म्हणजे चित्रापुरतं. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात सुमारे वीस मीटर खोल 'अक्वेरियस' नावाचं घर आहे. तिथे मुक्काम केलेल्या माणसाला दुखापत झाली तरी लगेच वर आणता येत नाही. दाब हळूहळू कमी करायला जवळजवळ सतरा तास लागतात. म्हणून अंतराळाच्या तालमीला ती जागा उत्तम. कॅनडाचे अंतराळवीर रॉबर्ट थर्स्क यांच्या चमूत रसायनशास्त्रज्ञ केडी कोलमनही होत्या. यातले सगळेच काही सर्जन नव्हते. दोन हजार किलोमीटरवरून, इथून हॅमिल्टनहून, डॉ. अन्वारी पडद्यावर बघत सांगत गेले आणि त्यांनी नकली रुग्णाचं पित्ताशय काढलं.

२००६ च्या मोहिमेत मुद्दाम दोन सेकंदांचा उशीर घातला, कारण चंद्रापर्यंत संकेत जाऊन यायला अडीच सेकंदांहून अधिक लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या सर्जनांनी अंतराळ स्थानकावरच्या छोट्या यंत्रमानवाकडून रबरबँड कापून घेतले. तिथे उशीर अर्ध्या-पाऊण सेकंदाचा होता. पण मंगळावर? संकेत एका बाजूने पोचायलाच तीन ते बावीस मिनिटं. रक्तस्राव तेवढं थांबत नाही. तिथे लांबच्या सर्जनने आधीच शिकवून ठेवायचं, आणि काम जवळच्या माणसाने करायचं. म्हणजे अंतर वाढलं की आपण पुन्हा रोगोझोव्हच्या मेकॅनिकपाशी येतो!

या बातम्यांत सर्जनचं नाव असतं. स्ट्रासबर्गला रुग्णाशेजारी सज्ज उभं असलेलं पथक कुणाला आठवतं? मी त्याच बाजूची, म्हणून मला ते आधी दिसतं.

२०१४ साली सांगलीला आई न्हाणीघरात पडली. शेजारच्या वहिनींनी स्काइप लावलं. मी म्हटलं, "वहिनी, फोन आईच्या पायाशी धरा." पाय आखूड आणि बाहेर वळलेला. खुब्याचं हाड मोडलंय हे मला इथे बसून कळलं. "तिला उठवू नका, दोन्ही बाजूंना उशा लावा, अँब्युलन्स बोलवा," मी सांगत होते. आवाज उशिरा पोचत होता, चित्र अडकत होतं. वहिनींचे हात थरथरत होते, पण त्यांनी एकेक गोष्ट नीट केली. आई त्यानंतर पाच वर्षं हिंडती-फिरती होती.

आपण परदेशातली माणसं आई-वडिलांना रोज पडद्यावर बघतो आणि त्यावर समाधान मानतो. चित्र पोचतं, ही मोठीच सोय. पण पडद्यापलीकडे उशी लावणारे हात कुणाचे, हे आधीच ठरवून ठेवा, त्यांना चार गोष्टी शिकवून ठेवा. आणि यंदा गावी गेलात की त्या घरी आवर्जून जाऊन या.