सिकलसेल : शिकागो, नागपूर आणि आमची भिलाई

आज लढाई नाही, किल्लाही नाही. आज लहान मुलांच्या एका आजाराचा इतिहास सांगतो. मी फौजेतला माणूस, डॉक्टर नाही. पण भिलाईच्या हुडकोत राहायचं आणि सिकलसेलबद्दल बोलायचं नाही, हे जमणार नाही. १९५९ साली इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. नोकरीसाठी विदर्भातून मराठी घरं आली. हा आजार तिकडे होता, तसा इकडे छत्तीसगडातही होताच.

कागदोपत्री इतिहास १९०४ पासूनचा. ग्रेनाडा बेटावरून शिकागोला दंतवैद्यकी शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल हा विशीतला मुलगा आजारी पडला. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल नव्हत्या, विळ्यासारख्या वाकड्या होत्या. डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ते छापलं. नोएल शिकून घरी परतला, दवाखाना थाटला आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने गेला. पेनिसिलिन तेव्हा कुठलं?

भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत सापडला आणि १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातली नोंद लॅन्सेटमध्ये छापली. तरी आजही लोक म्हणतात, ‘हा आदिवासींचा आजार.’ अर्धंच खरं आहे ते. विदर्भ-छत्तीसगडात अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो भरपूर आहे. कारण जात नव्हे, मलेरिया. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी दाखवलं की ज्याच्याकडे हा दोष एकाच पालकाकडून आलेला असतो, त्याला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. (मलेरिया काय चीज आहे, ते दुसऱ्या महायुद्धातल्या बर्मा आघाडीचा इतिहास वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको.) म्हणून जंगलपट्ट्यात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

असा एकपदरी दोष असलेला माणूस म्हणजे वाहक, ‘एएस’. तो आजारी नसतो. आई-बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता ‘एसएस’ मुलाची. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब घरोघरी करतात. तो साफ चूक आहे. दर वेळी फासा नव्याने पडतो.

एसएस बाळ पहिले काही महिने धडधाकट दिसतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन त्याला सांभाळत असतं. मग हातापायांची बोटं सुजतात, मूल किंचाळतं, आणि घरचे म्हणतात, नजर लागली. खरा घात पुढे असतो. प्लीहा निकामी होत जाते आणि साधा वाटणारा ताप रात्रीत जीव घेतो. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत लहानग्यांना रोज दोनदा तोंडाने पेनिसिलिन दिलं, तर न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. चाचणी मुदतीआधीच थांबवून सगळ्यांनाच औषध सुरू केलं. मला विचाराल तर या आजाराच्या इतिहासातली सगळ्यांत मोठी फत्ते हीच. पुढे हायड्रॉक्सीयुरिया आलं. त्याने दुखण्याचे झटके कमी होतात. २०२३ मध्ये जनुक दुरुस्त करणारा उपचारही मंजूर झाला, पण अमेरिकेतली त्याची किंमत बावीस लाख डॉलर. आपल्या पोरांसाठी अजून पेनिसिलिन, लस, भरपूर पाणी, आणि ताप आला की त्याच दिवशी दवाखाना.

पण हे सगळं द्यायचं कुणाला, ते आधी कळायला हवं. मुलीचं लग्न जमणार नाही म्हणून रिपोर्ट कपाटात दडवणारी घरं मी पाहिली आहेत. पत्रिकेत नाडी बघतात, रक्त बघत नाहीत. दोघं वाहक निघाले तरी लग्न मोडायची गरज नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच गर्भाची तपासणी करता येते.

१ जुलै २०२३ रोजी शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली : चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी. चांगलंच आहे. पण माझं मत, रांगेत पहिला नंबर प्रसूतिगृहातल्या बाळाचा हवा. शाळेत तपासणीची गाडी येईपर्यंत पहिली पाच वर्षं, सगळ्यांत धोक्याची, निघून गेलेली असतात.