स्क्रम मोडला तिथून

सिक्स नेशन्स स्पर्धेसाठी वेल्सचा रग्बी संघ १६ जानेवारी २०२४ ला जाहीर व्हायचा होता. त्याच दिवशी लुई रीस-झॅमिटनं आपण रग्बी सोडून अमेरिकन फुटबॉलमध्ये नशीब काढायला निघालो असल्याचं सांगितलं. वय बावीस, २०२१ च्या ब्रिटिश अँड आयरिश लायन्स दौऱ्यातला सर्वांत तरुण खेळाडू, आणि धाव अशी की वेल्समध्ये त्याला टोपणनावच ‘रीस-लायटनिंग’ पडलेलं. त्याच्या आधी ऑस्ट्रेलियाचा जॅरिड हेन गेला होता, इंग्लंडचा ख्रिश्चन वेड गेला होता, सिडनीच्या उपनगरातून जॉर्डन मायलाटा गेला होता. अशी बातमी आली की दोन स्पष्टीकरणं हमखास पुढे येतात. एक, पैसा. दोन, दोन्ही खेळ दिसायला सारखेच. अंडाकृती चेंडू, धडकाधडकी आणि धाव, मग अडचण ती काय? ही दोन्ही स्पष्टीकरणं मला अपुरी वाटतात. हे दोन खेळ एकाच मुळातून आले, हे खरं. पण १८८० नंतर अमेरिकेनं नियमांत जे बदल केले, त्यांनी निर्णयाचा अधिकार धावणाऱ्या खेळाडूकडून हळूहळू काढून घेतला आणि मैदानाबाहेर आखलेल्या योजनेच्या हाती दिला. अमेरिकन फुटबॉलची मोहिनी त्या योजनेत आहे, आणि रग्बीपटूची खरी अडचणही तिथेच आहे.

सुरुवात मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजची. मे १८७४ मध्ये कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाचा संघ हार्वर्डला खेळायला आला. हार्वर्डची पोरं स्वतःच्या नियमांनी गोल चेंडूचा एक खेळ खेळत. पाहुणे रग्बी खेळणारे. मग एक सामना यजमानांच्या नियमांनी झाला आणि दुसऱ्या दिवशीचा पाहुण्यांच्या. दुसरा बरोबरीत सुटला, एकही गुण झाला नाही, तरीही हार्वर्डला पाहुण्यांचाच खेळ आवडला. पुढच्या वर्षी त्यांनी येलला त्याची गोडी लावली, आणि १८७६ मध्ये स्प्रिंगफील्डच्या मॅसॅसॉइट हाउसमध्ये पूर्वेकडच्या बड्या महाविद्यालयांचे प्रतिनिधी जमले ते रग्बीचेच नियम थोडेफार बदलून स्वीकारायला. म्हणजे त्या घटकेला अमेरिकन फुटबॉल हा वेगळा खेळ नव्हताच. वेगळा झाला तो येलच्या वॉल्टर कॅम्पमुळे. रग्बीच्या स्क्रममध्ये चेंडू दोन्ही बाजूंच्या पायांत पडतो आणि तो कुणाला मिळेल हे झुंजीवर ठरतं. कॅम्पला ही अनिश्चितता खटकत होती. १८८० मध्ये त्यानं स्क्रमच्या जागी स्क्रिमेज आणलं: चेंडू एका संघाचा, तो संघ रांगेत उभा राहील, मधला खेळाडू चेंडू मागे देईल आणि मगच खेळ सुरू होईल. खेळाडूही पंधरावरून अकरा झाले. पण चेंडू झुंजीशिवाय मिळतो म्हटल्यावर तो सोडायचा कशाला? १८८१ च्या येल-प्रिन्स्टन सामन्यात दोन्ही संघांनी आळीपाळीनं एकेक डाव चेंडू नुसता धरून ठेवला आणि प्रेक्षक वैतागले. त्यावर उपाय म्हणून १८८२ मध्ये नियम आला: तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू द्या. पाच यार्ड मोजायचे म्हणून मैदानावर चुन्याच्या रेघा पडल्या.

या तीन-चार वर्षांत जे घडलं त्याचं महत्त्व आपल्याला क्रिकेटमुळे चटकन कळावं. रग्बी वाहता खेळ आहे. टॅकल झालेला खेळाडू चेंडू सोडतो आणि दोन्ही संघ पुन्हा त्याच्यावर तुटून पडतात. कॅम्पनंतरचा अमेरिकन खेळ मात्र चेंडूगणिक चालणाऱ्या क्रिकेटसारखा तुकड्यातुकड्यांचा झाला. प्रत्येक तुकड्याआधी थांबा, प्रत्येक थांब्यात नवी रचना, आणि त्या रचनेवर प्रेक्षकाला आपलं मत. तिसरा डाऊन, म्हणजे तिसरा प्रयत्न, सात यार्ड बाकी, आता काय करतील? हा प्रश्न एका सामन्यात शंभराहून अधिक वेळा उभा राहतो. आकडेवारी, चर्चा, भाकितं, पुढे दूरचित्रवाणी आणि जाहिराती, सगळं त्या थांब्यातच सामावलं. अमेरिकेला हा खेळ का भावला याची उत्तरं तिथल्या स्वभावात शोधली जातात. मला त्याचं निम्मं उत्तर त्या थांब्यात दिसतं.

या वाटचालीची किंमत मात्र जबर होती. खेळाडू थांबून, रांग धरून, एकाच जागी संपूर्ण ताकद लावू लागले. हार्वर्डनं १८९२ मध्ये येलविरुद्ध ‘फ्लाइंग वेज’ नावाची रचना आणली. पाचरीच्या आकारात धावत येणारा जमाव समोरच्या एकाच माणसावर आदळायचा. १९०५ च्या हंगामात किमान १८ खेळाडू दगावल्याची नोंद झाली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या ऑक्टोबरात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्याचा आग्रह धरला. पूर्वेकडच्या बहुतेक महाविद्यालयांनी नियम बदलून खेळ वाचवला. पश्चिमेला मात्र स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठांनी १९०६ मध्ये अमेरिकन फुटबॉल बंद करून चक्क रग्बी सुरू केलं. त्याच फेब्रुवारीत न्यूझीलंडचा ऑल ब्लॅक्स संघ ब्रिटनचा दौरा आटोपून परतताना कॅलिफोर्नियात दोन सामने खेळला होता. चेंडू हातोहात फिरवत धावणारे ते पंधराजण पाहून, हाच खेळ आपल्या मुलांना योग्य, असं तिथल्या शिक्षकांना वाटलं असेल तर नवल नाही.

कॅलिफोर्नियाची ती वर्षं मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा वाटतात, आणि त्यांचा उल्लेख इतका कमी व्हावा याचं वाईट वाटतं. कालपर्यंत अमेरिकन फुटबॉल खेळलेली मुलं पाचसहा वर्षांत इतकी तयार झाली की १९१२ मध्ये ऑस्ट्रेलियाचा दौऱ्यावर आलेला संघ स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या दोघांकडून हरला. पुढच्याच वर्षी १५ नोव्हेंबरला बर्कलीच्या मैदानावर ऑल ब्लॅक्सनी अमेरिकेच्या निवडक संघाचा ५१-३ असा धुव्वा उडवला. तो पराभव आणि विद्यापीठांमधली भांडणं यांमुळे रग्बीचे दिवस भरले. कॅलिफोर्निया १९१५ मध्ये अमेरिकन खेळाकडे परतलं, स्टॅनफर्ड पहिल्या महायुद्धानंतर. पण शिकलेलं विसरलं गेलं नव्हतं. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये प्रामुख्यानं कॅलिफोर्नियाच्या मुलांनी भरलेल्या अमेरिकन संघानं फ्रान्सला ८-० हरवून रग्बीचं सुवर्णपदक जिंकलं. १९२४ मध्ये पॅरिसच्या कोलोंब मैदानावर पुन्हा तेच झालं. फ्रान्सला विजयाची पक्की खात्री होती. सामना सुरू होऊन काही मिनिटं होतात न होतात तोच फ्रान्सचा वेगवान विंगर अडॉल्फ जोरेगी चेंडू घेऊन सुटला, आणि लेफ्टी रॉजर्सच्या टॅकलनं असा आडवा झाला की त्याला उचलून बाहेर न्यावं लागलं. बदली खेळाडूची सोय नव्हती. ही टॅकल अमेरिकन मैदानांवर घोटलेली होती. अमेरिका १७-३ अशी जिंकली. प्रेक्षकांत मारामाऱ्या झाल्या, विजेत्यांचं राष्ट्रगीत हुर्यो उडवून दाबलं गेलं. त्यानंतर रग्बी ऑलिंपिकमधून गेली ती थेट २०१६ मध्ये सात-सात जणांच्या रूपात परतली.

मग जे १९०६ ते १९२४ मध्ये विद्यापीठंच्या विद्यापीठं करू शकली, ते आज एकट्यादुकट्या गुणी खेळाडूला इतकं जड का जावं? कॅलिफोर्नियाची मुलं ज्या अमेरिकन फुटबॉलमधून आली होती, त्यात तेच अकराजण आक्रमणही करत आणि बचावही. धावणं, पाडणं, लाथाडणं सगळ्यांना यावं लागे आणि मैदानावरचे बरेचसे निर्णय मैदानावरच होत. ती मुलं सर्वांगानं खेळाडू होती, म्हणून दोन्हीकडे रुळली. १९०६ मध्ये पुढे फेकलेला पास कायदेशीर झाला आणि खेळाला हवेतली वाट मिळाली. आणखी मोठा बदल १९५० चा: एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगनं खेळाडू हवे तितक्यांदा बदलायची मुभा कायमची दिली. आक्रमणाचा संघ वेगळा, बचावाचा वेगळा, लाथ मारायला आणखी वेगळा. एकेका जागेचं काम इतकं अरुंद झालं की त्या कामासाठी माणूस लहानपणापासून घडवावा लागतो. माझ्या मते दोन खेळांमधली खरी दरी इथे पडली.

अलीकडची उदाहरणं या दरीची खोली दाखवतात. हेन २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं डॅली एम पदक जॉनथन थर्स्टनसोबत विभागून मिळवलेला माणूस. एनएफएलमधल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात त्यानं जागा मिळवली हेच मोठं यश होतं. पण सप्टेंबर २०१५ मधल्या पहिल्याच सामन्यात उंचावरून आलेला पंट, म्हणजे लाथेनं उडवलेला चेंडू, त्याच्या हातून निसटला, आणि हंगामात तो आठच सामने खेळला. वेडची कथा याहून चटका लावणारी. ऑगस्ट २०१९ मध्ये बफेलोकडून सराव सामन्यात पहिल्यांदाच चेंडू हाती आला आणि तो ६५ यार्ड धावत जाऊन टचडाऊन करून आला. तरीही स्पर्धेतला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. चेंडू हातात असतानाचं कौशल्य त्याच्याकडे होतंच. प्रशिक्षकाला धावपटूकडून हवं असतं ते बाकीचं सगळं, म्हणजे कुणाला अडवायचं, कोणत्या खुणेला कुठे वळायचं, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर चाल करून येणाऱ्याला कसं थोपवायचं, ते वीस वर्षांचं शिक्षण त्याच्यापाशी नव्हतं. रग्बीतल्या विंगरची सगळी प्रतिभा फुटलेल्या खेळात फट हेरण्याची असते. ज्या खेळात ती फट पाटीवर आधीच आखलेली असते, तिथे त्या प्रतिभेला काम कमी पडतं. आणि यशस्वी कोण झाला? मायलाटा. रग्बीत तो कधी तारा नव्हता. साउथ सिडनीच्या वीस वर्षांखालच्या संघातला सहा फूट आठ इंचांचा अवाढव्य मुलगा. फिलाडेल्फियानं २०१८ मध्ये त्याला शेवटच्या फेरीत निवडलं तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. दोन वर्षं तो फक्त शिकला. चेंडूला हात न लावता समोरच्याला रोखायचं, हे एकच काम त्यानं कोऱ्या पाटीवर गिरवलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल जिंकणाऱ्या संघाचा तो आधारस्तंभ होता.

आता पैशाचा आक्षेप. मायलाटाचे करार कोट्यवधी डॉलरचे आहेत, ते कुणी नाकारणार नाही. पण निघताना कुणाच्या हातात काय होतं ते पाहावं. हेन मायदेशी अव्वल मानधन मिळवत होता आणि अमेरिकेत त्याला हमी होती ती सुमारे एक लाख डॉलरची. रीस-झॅमिटनं राष्ट्रीय संघातली पक्की जागा सोडली ती एका प्रशिक्षण योजनेतल्या प्रवेशासाठी. पैसा हे जुगाराचं एक कारण असेल. पण इतकी वाईट बोली माणूस निव्वळ पैशासाठी लावत नाही. रीस-झॅमिटचे वडील वेल्समध्ये स्वतः अमेरिकन फुटबॉल खेळले होते, आणि हा योगायोग नव्हे. ब्रिटनमध्ये १९८२ मध्ये चॅनल फोर सुरू झालं आणि दर आठवड्याला हा खेळ घराघरात दिसू लागला. ऑगस्ट १९८६ मध्ये शिकागो बेअर्स आणि डॅलस काउबॉइज यांचा नुसता सराव सामना पाहायला वेम्बली भरून गेलं. गावोगावी हौशी संघ निघाले. त्या बापांची मुलं आज विशीत आहेत. त्यांच्या लेखी एनएफएल ही लहानपणापासून पडद्यावर पाहिलेली मोठी जत्रा आहे.

रग्बीच्या अभिमान्यांचा दुसरा आक्षेप शिरस्त्राणाचा असतो: चिलखत घालून लढण्यात कसलं शौर्य? इतिहास याच्या उलट सांगतो. आधी नियमांनी धडका वाढवल्या, चेंडू नसलेल्यालाही अडवायची परवानगी दिली, माणसं मेली आणि मग संरक्षण आलं. एनएफएलनं शिरस्त्राण सक्तीचं केलं ते १९४३ मध्ये. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजची व्यावसायिक रग्बीही चित्रफितींवर घोटलेली असते, आणि क्वार्टरबॅकला तर क्षणात निर्णय घ्यावा लागतो, मग निर्णयाचा अधिकार खेळाडूकडून गेला असं कसं म्हणता? क्वार्टरबॅकबद्दल हे मान्यच आहे. त्या एका माणसाकडे निर्णय साठला म्हणून बाकीच्या दहांकडचा आटला, आणि रग्बीतून आलेल्यांच्या वाट्याला त्या दहातल्याच जागा येतात. रग्बी योजनाबद्ध झाली तरी टॅकलनंतर चेंडूसाठी झुंज तिथे आजही होते, आणि त्या झुंजीनंतर काय होईल हे कोणत्याही पाटीवर लिहिता येत नाही.

उलट दिशेनं काही गोष्टी परतही येऊ लागल्या आहेत. सिएटलचे तेव्हाचे प्रशिक्षक पीट कॅरल यांनी २०१४ मध्ये डोकं बाजूला ठेवून खांद्यानं पाडण्याची रग्बीची टॅकल आपल्या संघाला आणि शाळांना शिकवायला घेतली. चेंडूधारकाला मागून ढकलण्यावरची बंदी एनएफएलनं २००५ च्या सुमारास उठवली होती. फिलाडेल्फियानं त्यातून एक यार्ड मिळवण्याची अशी चाल बसवली की ती थोपवणं जवळपास अशक्य झालं. क्वार्टरबॅक वाकतो, रांग खाली झुकते, मागचे दोघेतिघे त्याला लोटतात. ही चाल घोटताना फिलाडेल्फियानं रिची ग्रे या स्कॉटलंडच्या रग्बी प्रशिक्षकाचा सल्ला घेतला होता, आणि तिच्या डाव्या अंगाला रग्बीतूनच आलेला मायलाटा उभा असतो. मे २०२५ मध्ये ग्रीन बे संघानं या चालीवर बंदी आणण्याचा प्रस्ताव मांडला. ३२ मालकांपैकी २४ मतं हवी होती. २२ पडली, आणि चाल टिकली. मला ती टिकल्याचा आनंद आहे, पण तिला स्क्रम म्हणायला मी तयार नाही. स्क्रममध्ये चेंडू दोघांचा असतो. इथे तो आधीच एकाचा आहे, आणि लोटायचं कधी, कुणी आणि कोणत्या खांद्यानं, हे सगळं सोमवार ते शनिवार सरावात ठरलेलं असतं.