गारव्याला लागलेले हात

पिकलेल्या केळ्याच्या चकत्या रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मिक्सरमधून फिरवून घ्यायच्या. पाच मिनिटांत मऊसूत, थंडगार आईस्क्रीम तयार. दूध नको, साखर नको. हल्ली पुष्कळ घरांत हा पदार्थ होतो आणि मुले बोटे चाटून खातात. या पाच मिनिटांमागे मात्र काही शतकांची मेहनत आहे. उन्हाळ्यात थंड खावे ही हौस जुनी. आणि ते थंड करायचे कोणी, हा प्रश्नही तितकाच जुना.

अकबराच्या दरबारात पिण्याचे पाणी गार ठेवण्यासाठी आबदारखाना हे स्वतंत्र खाते होते. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त त्याची कृतीच दिली आहे. पाच शेर पाण्यात अडीच शेर शोरा टाकायचा आणि त्यात पाण्याची बंद सुरई पाव तास फिरवत राहायची. ज्या शोऱ्याने तोफेची दारू पेटते, त्याच शोऱ्याने बादशहाचे पाणी थंड होई! पुढे १५८६च्या सुमारास लाहोरला डोंगरातले बर्फ येऊ लागले. सुमारे ४५ कोसांवरून ते होड्यांनी, गाड्यांनी आणि माणसांच्या डोक्यावरून येई. उन्हाळ्यात ते सगळ्या थरांतले लोक वापरत, पण बारा महिने बर्फ परवडे ते उमरावांनाच.

त्या काळाची खूण आपल्या भाषेत अजून आहे. बर्फ, सरबत, फालुदा हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीत असे रुळले की ते परके वाटतच नाहीत. कुल्फीचे तर नातेच घरातले. अरबीत ‘कुफ्ल’ म्हणजे टाळे. त्यातून आपले ‘कुलूप’ आले आणि झाकण घट्ट लावून गोठवायची ‘कुल्फी’ही आली. कुलूप आणि कुल्फी ही सख्खी भावंडे आहेत, हे कुल्फी खाताना सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

डोंगर दूर असलेल्या मैदानी मुलखात बर्फ कसे करत? सर रॉबर्ट बार्कर या इंग्रजाने अलाहाबादची पद्धत १७७५ साली लिहून ठेवली आहे. थंडीच्या दिवसांत उथळ खड्ड्यांत उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे अंथरत. त्यांवर मातीच्या सच्छिद्र परळांची रांग मांडून संध्याकाळी त्यांत पाणी ओतत. आकाश निरभ्र असले आणि वारा पडलेला असला, की पहाटेपर्यंत परळांत बर्फाचा थर धरे. सूर्य उगवायच्या आत तो गोळा करून, ठोकून, उन्हाळ्यासाठी जमिनीखालच्या खड्ड्यात साठवत. रात्रीची झोप मोडून हे काम करणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

मग बर्फ समुद्रावरून आले. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याचे ‘टस्कनी’ हे जहाज १८३३ साली सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले. चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचले, तेव्हाही शंभराच्या आसपास टन शिल्लक होते. पुढे मुंबईलाही हे बर्फ येऊ लागले आणि फोर्टात गोदीजवळ त्यासाठी ‘आईस हाऊस’ बांधले गेले. १८३४ साली जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत आईस्क्रीम वाढले. यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने दिली, असे सांगतात. थंडाव्याची चैन किती नवी होती, हे त्या सर्दीवरून कळते.

घरच्या आईस्क्रीमचा खरा आरंभ १८४३चा. त्या वर्षी अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी हाताने फिरवायच्या यंत्राचे पेटंट घेतले. लाकडी बादली, तिच्यात धातूचा डबा, डब्यात पाती आणि वर दांडा. आपल्याकडे ज्याला आईस्क्रीमचा पॉट म्हणतात तो हाच. डब्याभोवती बर्फ आणि खडे मीठ भरायचे. मिठामुळे बर्फ शून्याखालीही वितळू लागते आणि वितळताना डब्यातली उष्णता ओढून घेते. प्रमाण नेमके जमले तर तापमान उणे २१ अंशांपर्यंत उतरते. दांडा फिरवत राहिल्याने बर्फाचे कण मोठे होत नाहीत, म्हणून आईस्क्रीम मऊ होते.

आपल्याकडे मे महिन्यात गोणपाटात गुंडाळलेली, भुसा लागलेली बर्फाची लादी घरी येई. आटवलेल्या दुधात हापूसचा रस पडे आणि पॉटचा दांडा हातोहात फिरे. आधी लहान मुलांचा उत्साह असे. मग मिश्रण घट्ट होई, दांडा हटेनासा होई आणि शेवटी घरातल्या दणकट माणसाला बोलावणे जाई. श्रीमंत घरांत हे काम गड्याकडे असे. पॉटची पहिली वाटी त्याला मिळे की नाही, हे घराघरावर अवलंबून होते.

१९५८ साली गोदरेजने पहिला भारतीय बनावटीचा फ्रीज काढला. पुढे मध्यमवर्गात फ्रीज आला आणि पॉट माळ्यावर गेला. पण फ्रीज गोठवतो, ढवळत नाही. म्हणून ट्रेमधले आईस्क्रीम खडखडीत होई, दाताखाली बर्फ कचकचे. मग ते अर्धवट गोठल्यावर बाहेर काढून घुसळायचे आणि पुन्हा ठेवायचे, असे गृहिणींनी शोधून काढले. तिकडे अमेरिकेत १९३४ साली टॉम कार्व्हेल या विक्रेत्याच्या गाडीचे टायर फुटले आणि वितळू लागलेले आईस्क्रीमच लोकांनी आवडीने खाल्ले. तिथून त्याला मऊ आईस्क्रीमची कल्पना सुचली, असे सांगतात. हे आईस्क्रीम उणे सहा अंशांच्या आसपास वाढतात. फ्रीजर असतो उणे अठराला.

गोठवलेल्या फळाच्या युक्तीत क्रम फक्त उलटा आहे: आधी गोठवणे, मग घुसळणे. केळ्यातली साखर सगळे पाणी कडक होऊ देत नाही आणि त्यातले पेक्टिन गोळा मऊ बांधते. म्हणून केळे जितके पिकलेले तितके बरे. सालीवर काळे ठिपके पडल्यामुळे हातगाडीवर मागे राहणारे तर उत्तमच. चकत्या ताटलीत सुट्या पसरून गोठवाव्यात. बाहेर काढल्यावर पाच मिनिटे थांबावे आणि मिक्सर थांबून थांबून फिरवावा. आधी जाडसर रव्यासारखे दिसते, तेव्हा घाबरून पाणी घालू नये. कडेचे खाली सारत राहिले, की एकाएकी ते लोण्यासारखे होते. त्यात आंब्याच्या गोठवलेल्या फोडी किंवा बिया काढलेला सीताफळाचा गर घालावा. लगेच खावे, कारण परत गोठवले की ते दगड होते.

आता ना नावाडी लागतो, ना दांडा फिरवणारा गडी. जो खाणार, तोच बटण दाबतो. मात्र त्यासाठी घरात फ्रीज हवा, आणि वीजही हवी. ज्या घरांत या दोन गोष्टी नाहीत, तिथे मे महिन्यातला गारवा आजही माठातच आहे. म्हणून मिक्सर फिरवताना शेजारच्या एखाद्या मुलाला हाक मारावी. दोन केळी जास्त गोठवायला फारसे काही लागत नाही.