शुद्धी आणि पोच : ग्रंथव्यवहारातील दोन साहाय्यकांची कथा

लेखन करणाऱ्यांना अलीकडे एक नवी सोय झाली आहे. लेख लिहून झाला की तो संगणकावरून दुसऱ्या गावी, क्वचित दुसऱ्या देशातही बसलेल्या एखाद्या साहाय्यकाकडे पाठवता येतो. तो ऱ्हस्वदीर्घ तपासतो, विरामचिन्हे जागेवर आणतो, मजकूर नीट मांडतो आणि मग तो वर्गणीदारांकडे, संपादकांकडे, वाचकांच्या गटांकडे रवाना करतो. महिन्याचा किंवा कामाचा मोबदला ठरलेला असतो. लेखकाने त्याला प्रत्यक्ष पाहिलेलेही नसते. अशा दूरस्थ साहाय्यकाला ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ असे नाव रूढ झाले आहे आणि नाव नवे असल्यामुळे कामही नवेच असावे, असा समज पसरला आहे.

तो समज तपासून पाहण्यासारखा आहे. मजकूर शुद्ध करणे आणि तो वाचकापर्यंत पोचवणे ही दोन कामे मराठीत ग्रंथाइतकीच जुनी आहेत. लेखकाने ती दुसऱ्याकडे सोपवण्याची प्रथाही तितकीच जुनी आहे. प्रश्न असा की, ही कामे सोपवताना त्यांच्याबरोबर आणखी काय सोपवले जाते? आमचे म्हणणे थोडक्यात असे की, त्यांच्याबरोबर मजकुरावरचा अधिकारही थोडाफार हातचा जातो. म्हणून हे साहाय्यक कोण होते, त्यांनी काय केले आणि त्यांची नावे कुठे राहिली वा पुसली गेली, हे पाहणे उद्बोधक ठरते.

आरंभ हस्तलिखितांपासून करू. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त एकत्र केल्या, तेव्हा ज्याने लीळा प्रत्यक्ष पाहिली किंवा ऐकली त्याच्याकडे जाऊन ती मिळवली आणि नागदेवाचार्यांकडून तिची खातरजमा करून घेतली. मजकूर ग्राह्य धरण्यापूर्वी तो अधिकारी व्यक्तीच्या नजरेखालून गेला पाहिजे, हा दंडक तेराव्या शतकातला आहे. शके १२१२ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ पूर्ण झाली, तेव्हा ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव ग्रंथाच्या समाप्तीतच आले. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे नकलकारांच्या हातून प्रती होत राहिल्या आणि पाठभेद वाढत गेले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी शुद्ध प्रत सिद्ध केली. इतका थोर कवी दुसऱ्याच्या ग्रंथापुढे शोधक म्हणून बसला आणि यापुढे कोणी आपली ओवी या ग्रंथात घालू नये, अशी ताकीद देऊन उठला. शोधनाची याहून नेमकी व्याख्या आम्हांस ठाऊक नाही. चुकून आलेले काढावे, आपले काही घालू नये.

छापखाना आला आणि या कामाचे स्वरूप पालटले. नकलकाराची चूक एका प्रतीपुरती असे. खिळे जुळवणाऱ्याची चूक शेकडो प्रतींत जाऊ लागली. त्यामुळे छापण्याआधी कच्ची प्रत काढून वाचणारा, म्हणजे प्रुफे तपासणारा, माणूस अपरिहार्य झाला. विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले. मराठी मुलखापासून इतक्या दूर झालेल्या या कामात त्यांना फोर्ट विल्यम कॉलेजातील पंडित वैजनाथशर्मा यांचे साहाय्य होते. १८२९ साली पंडितांच्या मंडळाने ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ सिद्ध केला. १८३१ साली मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला आणि १८५७ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. या दुसऱ्या कोशामागेही पंडितांचे श्रम होते. पण आज आपण सारे ‘मोल्सवर्थ’ एवढेच म्हणतो. साहाय्यकाचे नाव गळून पडण्याची रीत अशी जुनी आहे.

याच काळात मेजर थॉमस क्यांडी यांचे महत्त्व वाढले. त्यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली. आज आपण स्वल्पविराम आणि अर्धविराम सहज वापरतो. पण पोथीच्या मराठीला दंडापलीकडे फारशी चिन्हे ठाऊक नव्हती. सरकारी मराठी पुस्तके क्यांडीसाहेबांच्या नजरेखालून जात. अक्षरे तपासण्याबरोबर वाक्याची घडणही ते ठरवू लागले. शाळेतल्या मुलांच्या पिढ्या त्या वाक्यांवर वाढल्या. साहाय्यक म्हणून आलेला शोधक भाषेचा नियामक कसा होतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

याच्या शेजारी निर्णयसागर छापखान्याचे उदाहरण ठेवावे. जावजी दादाजी यांनी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाईप घासण्याचे काम केले होते. १८६४ साली त्यांनी स्वतःचा टाईपांचा कारखाना काढला आणि १८६९ साली छापखाना. १८८६ पासून तेथून ‘काव्यमाला’ ही संस्कृत ग्रंथांची माला निघू लागली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांची नावे संशोधक-संपादक म्हणून मुखपृष्ठावर छापली गेली. निर्णयसागरची प्रत म्हणजे निर्दोष प्रत, हा लौकिक देशभर पसरला तो अशा शास्त्र्यांच्या डोळ्यांमुळे. ज्याने तपासले त्याचे नाव छापले, म्हणजे चुकीची जबाबदारीही त्याच्यावर आली. जबाबदारी असल्यामुळे काळजी आली आणि काळजीमुळे विश्वास आला. यातला कार्यकारणभाव साधा आहे, तरी पुढे तो विसरला गेला. बहुतेक पुस्तकांत मुद्रितशोधकाची खूण उरली ती शेवटच्या पानावरील शुद्धिपत्रात, म्हणजे त्याच्या नजरेतून निसटलेल्या गोष्टींच्या यादीत!

शुद्धीच्या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक अवघड आहे. १८७३ साली महात्मा फुले यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली. १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघू लागली आणि तीतून त्यांनी फुल्यांच्या भाषेवर व व्याकरणावर टीका केली. मजकुरातील विचाराला उत्तर देण्याऐवजी त्याच्या व्याकरणावर बोट ठेवता येते, हे तेव्हा दिसून आले. शुद्धलेखन हे शिस्तीचे साधन आहे, तसेच ते दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याच्या हातातील काठीही होऊ शकते.

मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनविषयक चौदा नियम केले आणि १९७२ साली त्यांत चार नियमांची भर घातली. त्यांतल्या एका तरतुदीकडे सहसा लक्ष जात नाही. केशवसुतपूर्वकालीन पद्य आणि चिपळूणकरपूर्वकालीन गद्य मुळाप्रमाणेच छापावे आणि त्यानंतरचे लेखन नव्या नियमांना अनुसरून छापावे, असे तीत म्हटले आहे. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ १८४८ ते १८५० या काळातली. तेव्हा त्यांतला उतारा आजच्या नियमांनी दुरुस्त करणे हीच चूक ठरते. पण या तरतुदीचा शब्दशः अर्थ घेतला तर एक चमत्कारिक परिणाम निघतो. ‘निबंधमाले’च्या आदल्या वर्षीची ‘गुलामगिरी’ मुळाप्रमाणे राहील आणि १८८३ सालचा ‘शेतकऱ्याचा असूड’ मात्र दुरुस्त होईल! लेखक एकच, भाषा एकच. पण सीमारेषा दोघांच्या मधून जाते, आणि ती आखली गेली आहे त्यांच्या टीकाकाराच्या नावाने. चांगल्या संपादकाला येथे नियम पुरत नाही, विवेक लागतो. म्हणूनच हे काम कोणाला सांगावे हा प्रश्न केवळ दराचा नसतो.

आता दुसऱ्या साहाय्यकाकडे, म्हणजे पोचवणाऱ्याकडे वळू. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, तेव्हा टपालाचा खर्च अंतराबरोबर वाढत असे आणि दूरचा वाचक महाग पडे. १८५४ साली वजनावर आधारलेला, अंतर न पाहणारा एकसमान टपालदर आला आणि रत्नागिरीचा वर्गणीदार व मुंबईचा वर्गणीदार प्रकाशकाच्या लेखी सारखे झाले. १८७७ साली व्ही. पी. ची पद्धत सुरू झाली. पुस्तक हाती पडताना वाचकाने पोस्टमनजवळ पैसे द्यावेत आणि ते टपालखात्याने प्रकाशकाकडे पोचते करावेत, अशी ही व्यवस्था. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिले नाही अशा दोघांमध्ये व्यवहाराचा विश्वास निर्माण करणारा हा बहुधा पहिला व्यापक दूरस्थ साहाय्यक होय.

परंतु टपाल पोचवते ते ज्याला पत्ता आहे, वर्गणी परवडते आणि वाचता येते त्याच्याकडे. फुल्यांचा वाचक या तिन्ही अटींत बसत नव्हता. त्यांनी ‘असूड’ पुण्यामुंबईत आणि जुन्नर-ओतूरसारख्या ठिकाणी लोकांना वाचून दाखवला. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला. लेखक स्वतःच वितरक झाला, कारण दुसरा कोणी होण्यासारखा नव्हता. श्रीधर व्यंकटेश केतकरांची अडचण वेगळी होती. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड काढायचे तर भांडवल लागणार, म्हणून त्यांनी मर्यादित कंपनी स्थापन केली आणि वर्गणीदार जमवले. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे त्यांचे सहकारी पुढे ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे संपादक झाले. साहाय्यकाला वाढू दिले तर तो काय करू शकतो, हे येथे दिसते.

शुद्धी आणि पोच ही दोन कामे एकमेकांवर किती अवलंबून आहेत, हे ‘ग्रंथाली’ने दाखवले. १९७० च्या दशकात सुरू झालेल्या या वाचक चळवळीने सभासदांना स्वस्तात पुस्तके देऊन नवा वाचक जोडला. १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आणि १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ तेथून आले. या पुस्तकांत वस्तीची आणि भटक्यांच्या पालांची बोली उजळ माथ्याने छापली गेली. शोधकाने तिच्यावर प्रमाणभाषेचा रंधा फिरवला असता, तर पोचवण्यासारखे फारसे उरलेच नसते. आणि वाचक जोडलेला नसता, तर ती बोली छापण्याचे धैर्य कितपत टिकले असते, कोण जाणे!

या पार्श्वभूमीवर आजच्या दूरस्थ साहाय्यकाकडे पाहावे. आम्ही महाविद्यालयांत मराठी शिकवणारी मंडळी आहोत. एका लहानशा नियतकालिकाचे काम पाहतो आणि त्यासाठी असे साहाय्य घेतो. अनुभवांती काही गोष्टी आम्ही ठरवून घेतल्या आहेत. काम देण्यापूर्वी एक पान नमुन्यादाखल तपासून घ्यावे. त्या पानात एखादा जुना उतारा आणि बोलीतला एखादा संवाद मुद्दाम ठेवावा. त्या दोहोंना हात न लावणारा माणूस निवडावा, मग त्याच्या हातून एखादा स्वल्पविराम सुटला तरी चालेल. दुरुस्ती परस्पर करू नये, शंका समासात लिहावी. कोणता नियम पाळायचा आणि तो कोठे पाळायचा नाही, हे एका कागदावर आधीच लिहून द्यावे. वर्गणीदारांची यादी त्याच्या हाती देताना ती विश्वासाने दिलेली ठेव आहे, याची उभयपक्षी जाणीव असावी.

यंत्राने हे काम संपेल, असे कोणी म्हणतील. संगणकावरील शब्दतपासनिसाला ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘शिर’ आणि ‘शीर’ हे सारेच शब्द शुद्ध दिसतात, कारण ते शुद्धच आहेत. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना डोंगरातल्या ‘दऱ्या’ जाऊन तेथे ‘दर्या’ आला, तरी केवळ शब्दांच्या यादीशी ताडून पाहणाऱ्या यंत्राला त्यात वावगे काही आढळत नाही. नवी यंत्रे संदर्भही पाहू लागली आहेत आणि वाक्येच्या वाक्ये सुधारून देतात. पण तेथे क्यांडीसाहेबांचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. सगळ्यांची वाक्ये एकाच हाताखालून जाऊ लागली, तर ती सारखीच दिसू लागतात. एकनाथांची ताकीद यंत्रालाही लागू आहे.

मोबदल्याबद्दलही एक शब्द. शब्दसंख्येवर दर ठरवला की जलद वाचणाऱ्याला जास्त मिळते आणि थबकून शंका काढणाऱ्याला कमी. ज्या थबकण्यासाठी आपण माणूस नेमतो, त्याचीच अशाने वजावट होते. म्हणून आम्ही वेळेवर मोबदला देतो, आणि शोधकाचे व वितरण पाहणाऱ्याचे नाव, त्यांची हरकत नसल्यास, अंकात छापतो. परबशास्त्र्यांचे नाव मुखपृष्ठावर छापण्यात निर्णयसागरचे काही कमी झाले नव्हते. उलट त्याच नावामुळे दूरदूरच्या अभ्यासकांनी ती पुस्तके डोळे झाकून घेतली.