सुट्टीचा दिवस कोणी ठरविला?

आपल्या मंगळवार पेठेचे नावच मुळी वाराचे आहे. शेजारी शुक्रवार, शनिवार, रविवार याही पेठा आहेत. वार आणि माणसाचा उद्योग यांचे नाते असे जुने आहे; परंतु रविवारी काम बंद ठेवावयाचे ही चाल मात्र तितकी जुनी नाही.

पूर्वी ज्याच्या त्याच्या धंद्याप्रमाणे सुट्टी असे. गवंडी अमावास्येला थापी धरीत नसे. शेतकऱ्याची सुट्टी बेंदराची. मदरशांना शुक्रवारी सुट्टी असे, ती आजही आहे. निजामाच्या राज्यात, म्हणजे १९४८ पर्यंत आजच्या मराठवाड्यात, सरकारी कचेऱ्यादेखील शुक्रवारीच बंद राहत. मुंबईच्या गिरणीकामगाराला मात्र ठरलेला असा एकही वार नव्हता. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत तो साच्यावर उभा! महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून या प्रश्नावर सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. हेच लोखंडे १८९३ च्या मुंबईतील हिंदू-मुस्लिम दंग्यानंतर सलोख्यासाठी झटले, हेही आपल्या मुलांना ठाऊक असावे.

येथे कोणी विचारील, की मग आपला जुम्मा? जुम्म्याला दिवसभर काम बंद ठेवा, असा आदेश नाही. अजान होताच व्यवहार सोडून नमाजाला या आणि नमाज झाल्यावर पुन्हा उद्योगाला लागा, असेच कुराण शरीफच्या सूरह जुमुआमध्ये सांगितले आहे. तेव्हा आपल्याला जुम्म्याला हवा असतो तो तासाभराचा अवकाश.

वार्षिक सुट्ट्यांचा उगम आणखी मौजेचा आहे. दरवर्षी सरकार सुट्ट्यांची यादी प्रसिद्ध करते ती १८८१ च्या 'परक्राम्य संलेख अधिनियम' या कायद्याखाली. हा कायदा वचनचिठ्ठी, हुंडी, धनादेश यांचा. मुदत सुट्टीच्या दिवशी संपली तर पैसे कोणत्या दिवशी द्यायचे, एवढ्यासाठी त्याच्या २५ व्या कलमात सार्वजनिक सुट्टीची व्याख्या करावी लागली. सावकारीच्या हिशेबातून आलेल्या या कलमावर आज शाळेतल्या पोरांची सुट्टी उभी आहे! ८ जून १९५७ च्या अधिसूचनेने केंद्राने हा अधिकार राज्यांना सोपविला. महाराष्ट्राच्या यादीत रमजान ईद, बकरी ईद, मोहरम व ईद-ए-मिलाद असे आपले चार दिवस असतात.

यादी महिनोन्‌महिने आधी छापली जाते, चाँद मात्र आयत्या वेळी दिसतो. तरीही पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोहरम व बकरी ईद महिन्याच्या दहाव्या तारखेस, मिलाद बाराव्या तारखेस. म्हणजे चाँद दिसल्यानंतर नऊ-दहा दिवस हाती असतात; रजेचा अर्ज शांतपणे देता येतो. घोटाळा होतो तो एकट्या रमजान ईदचा, कारण ती पहिल्याच तारखेस. २९ व्या रोजाच्या संध्याकाळपर्यंत काहीच निश्चित नसते. उद्यमनगरातल्या फौंड्रीत रोजावर जाणाऱ्याने दोन्ही दिवस घरी राहावे, तर एका दिवसाचा रोज बुडतो. खेड्यातून येऊन बोर्डिंगात राहणाऱ्या मुलाला तर एक दिवस पुरतच नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींच्या पुढाकाराने १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, ती अशाच मुलांच्या शिक्षणासाठी.

कायद्याची थोडी मदत आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने, तो ज्यांना पूर्णपणे लागू आहे अशा आस्थापनांत, वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या दिल्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे चार दिवस ठरलेले; उरलेले चार मालक व कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायचे आहेत. त्या वेळी आपण गप्प बसलो, तर ईद त्या चारांत येईलच असे नाही.

सण एकावर एक आले म्हणजे वेगळाच प्रसंग उभा राहतो. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी व ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. मुंबईत मुस्लिम मंडळींनी आपण होऊन जुलूस दुसऱ्या दिवशी नेण्याचे ठरविले आणि सरकारने २९ तारखेस सुट्टी जाहीर केली. २०२५ मध्ये मुंबई शहर व उपनगरात मिलादची सुट्टी ५ ऐवजी ८ सप्टेंबरला गेली, इतर जिल्ह्यांत ५ तारीखच राहिली. बाप मुंबईत नोकरीला आणि मुले कोल्हापुरात शाळेला, अशा घरात दोन निराळ्या सुट्ट्या झाल्या.

मराठी महिनेही चंद्रावरच चालतात, पण तेथे सुमारे ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना धरतात, म्हणून दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडीत नाही. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, त्यात अधिक महिना नाही. त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतू फिरून येते. १९८० च्या दशकाच्या मध्यास ती जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या सुमारास येई. २००० साली तर जानेवारीच्या आरंभी व डिसेंबरच्या अखेरीस अशा दोन रमजान ईद झाल्या. २०२४ व २०२५ मध्ये रोजे मार्चमध्ये, दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत आले. यापुढे ते फेब्रुवारीतून जानेवारीकडे सरकतील. गणिताप्रमाणे २०३० साली रमजान महिना दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. आज जो मुलगा पाचवी-सहावीत आहे, त्याच्या दहावीच्या परीक्षेपर्यंत रोजे बहुधा आटोपलेले असतील. मात्र सराव परीक्षा रोज्यांतच येण्याचा संभव आहे.